दैवशालेचं रक्त

दैवशालेचं माहेर भोकरदन तालुक्यातलं धावडा. तिकडची जमीन मुरमाड, उन्हात तापली की चप्पल काढायची कुणाची हिंमत होत नसे. लग्न होऊन ती घनसावंगीजवळच्या एका वस्तीवर आली आणि सगळं उलटं झालं. इथं गोदावरीचं पाणी, बारमाही ऊस, काळी चिकट माती. उसाला पाणी देताना चप्पल चिखलात रुतून बसायची, पट्टा तुटायचा. म्हणून सगळे बांधावर चपला काढायचे आणि अनवाणी सऱ्यांत उतरायचे. सासू गोपिकाबाई मेंढपाळाची लेक. तिनं तर जन्मात पायात काही घातलं नव्हतं.

वस्तीवर घरोघर संडास होते, पण त्यांत कडबा आणि गोवऱ्या भरलेल्या. माणसं पहाटे उसात जाऊन बसत आणि दिवसा त्याच उसात बाया खुरपत.

पहिल्या वर्षीच दैवशालेच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, बारीक पुरळ आलं. चिखल्या झाल्या म्हणून सासूनं मेंदी वाटून लावली. खाज गेली, तसा विषयही मिटला.

मंग छकुली झाली. बाळंतपणानंतर दैवशाला पुन्हा पहिल्यासारखी उभी राहिलीच नाही. हंडा उचलला की छाती धडधडायची, बांध चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. चुलीची भाजकी माती तिला खावीशी वाटायची. एकदा सासूनं तिला चुलीचा कोपरा फोडताना पाहिलं आणि घरात खायला कमी पडतं का, म्हणून चार माणसांत विचारलं. सासू आणि खुरपणाऱ्या बाया तिला आळशी म्हणू लागल्या. नवरा सुग्रीव बोलत नसे, पण त्यालाही तसंच वाटत होतं. हळूहळू तिलाही ते खरं वाटू लागलं.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा वस्तीवरच्या आशा सेविका सत्यशीलाताई तिला तपासणीला घेऊन गेल्या. रक्त फारच कमी निघालं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. चौथा महिना लागल्यावर जंताची गोळीही मिळाली. आता ती घ्यायला हरकत नाही, हे सत्यशीलाताईंनी दोनदा समजावून सांगितलं.

गोपिकाबाईनं ती गोळी चुलीत टाकली. "पोटुशीला जंताचं औषध? लेकरू पडंल," ती म्हणाली. लोहाच्या गोळ्यांनी मळमळायचं, म्हणून त्याही तिनं हळूहळू सोडल्या.

सातव्या महिन्यात पाणी देता देता ती सरीतच कोसळली. सुग्रीवनं तिला उचलून रस्त्यावर आणलं आणि जाणारी जीप थांबवली. घनसावंगीच्या दवाखान्यातून तिला जालन्याला पाठवलं. रक्ताच्या पिशव्या चढत असतानाच बाळ झालं. मुलगा होता, ओंजळीत मावेल एवढा. संध्याकाळच्या आत गेला.

तपासणीचा कागद बघून डॉक्टरांनी सुग्रीवला आणि गोपिकाबाईला समोर बसवलं. आतड्यात आकड्यासारख्या तोंडाचे जंत आहेत, ते चिकटून रक्त पितात, असं त्यांनी सांगितलं. माणसाच्या घाणीतून त्यांची अंडी ओल्या मातीत पडतात. तिथं बारीक अळ्या होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. बोटांत आलेली ती खाज, तीच त्यांची वाट.

"हिला जंताची गोळी कुणी दिली नव्हती का?" डॉक्टरांनी विचारलं.

सुग्रीव आईकडं बघत राहिला. जिना चढून आल्यापासून गोपिकाबाई धापा टाकत होती. डॉक्टरांनी उठून तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत कागदासारखं पांढरं होतं.

"मावशी, हा दम कधीपासून लागतो?"

"मला वाटायचं, बाईच्या जातीला लागतोच," ती म्हणाली.

तिच्याही पोटात तेच निघाले. जंत औषधानं मेले, पण इतकी वर्षं पातळ रक्तावर चालून तिचं काळीज थकलं होतं, पाय सुजायला लागले होते.

घरी आल्यावर दैवशाला बरेच दिवस सासूशी बोलली नाही. भाकरी पुढ्यात ठेवायची आणि निघून जायची. अंगात थोडं बळ आल्यावर तिनं संडासातला कडबा स्वतः बाहेर काढला. सुग्रीवनं घनसावंगीच्या बाजारातून दोघांना गमबूट आणले. उसात लोक हसले. दैवशालेनं खुरपणाऱ्या बायांना सगळं सांगितलं. त्यांतल्या दोघीतिघी बूट घालू लागल्या. बाकीच्यांना त्यात चालता येईना, त्यांच्या चपला बांधावरच राहिल्या. शेजारीपाजारी पहाटे उसातच जात राहिले.

उन्हाळ्यात गोपिकाबाई अंथरुणाला खिळली. एका दुपारी तिनं सुनेचा हात धरला. "दैवशाले, तुला आळशी म्हणत आले मी. मला बी तेच होत व्हतं गं, पण बसायला कुणी देत न्हवतं."

दैवशालेनं हात सोडवून घेतला नाही. पण माफ केलं, असंही तिच्या तोंडून निघालं नाही. आठवड्याभरात म्हातारी गेली.

आता दैवशालेच्या ओठांवर थोडा रंग आहे. ती घरातल्या सगळ्यांना वेळच्या वेळी जंताची गोळी देते. परवा छकुली पाणी दिलेल्या उसातून अनवाणी पळत आली. दैवशालेनं तिला धरून बडव बडव बडवलं. मंग तिचे पाय साबण लावून धुतले, बोटांच्या बेचक्या फाकवून एकेक नीट पाहिली, आणि पोरीला मांडीवर घेऊन अंगणातच रडत बसली.