लाल दिवा असताना उचलायचा नाही

माझ्या मोबाईलच्या वरच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा एक दिवा आहे. मुलानं स्वतःला नवा फोन घेतला आणि जुना मला दिला, तेव्हापासून तो दिवा माझ्या वाट्याला आला. नव्या फोनांना असा दिवा नसतो म्हणतात. नसतो तेच बरं. या दिव्यानं मला जेवढं गोंधळात पाडलं तेवढं नवऱ्यानंही कधी पाडलं नाही, आणि तो दिवसाकाठी चार शब्द बोलणारा माणूस होता.

दिवा कधी लाल लागतो, कधी हिरवा, कधी निळा. कधी लागून राहतो, कधी उघडझाप करतो. का, ते कुणाला नीट सांगता येत नाही. मुलगा म्हणाला, "लाल म्हंजी चार्जिंग चाललंय, हिरवा म्हंजी भरला." हे मला समजलं. पुढं एक दिवस फोन चार्जिंगला नसताना, नुसता फळीवर ठेवलेला असताना लाल दिवा लुकलुकायला लागला. मी मुलाला विचारलं, "आता कुठं चार्जिंग चाललंय?"

"आये, आता बॅटरी संपत आली म्हून लाल."

म्हणजे जेवायला बसला तरी लाल आणि उपाशी राहिला तरी लाल. मी विचारलं, "हे कुनी ठरवलं?" तो म्हणाला, "कंपनीनं," आणि कामावर निघून गेला. तो कारखान्यात पाळीवर जातो. तिथल्या मशिनींनाही असेच दिवे असतात आणि चुकीच्या दिव्याला हात घातला तर बोट जातं, हे तोच सांगतो. मग मी दिवा मनावर घेतला तर माझं काय चुकलं?

फोन हातात देताना त्यानं मला एकच ताकीद दिली होती. "आये, लाल दिवा आसताना फोन उचलायचा न्हाई. चार्जिंगला लावून बोललं की फुटतो." कुठंतरी एकाच्या कानाशी फुटला होता म्हणे. कुठं, ते त्याला माहीत नव्हतं. पण फुटला होता.

सुनेनं आणखी एक सांगितलं. ती मला आत्या म्हणते. "आत्या, निळा लागला की कुनाचा तरी फोन यिऊन गेला आसं समजायचं." मी फोन डोळ्यांजवळ नेला. निळं काही दिसेना. हिरवट, मळकट, भोवती पिवळं कडं असलेलं काहीतरी दिसत होतं.

"ह्यो तर हिरवा हाय," मी म्हटलं.

"निळा हाय, आत्या."

"हिरवा हाय."

"मंग हिरवा आसंल," असं म्हणून ती भांडी घासायला गेली. सासूचं खरं करून गप्प बसायची तिची रीत मला आवडत नाही.

शिरूरला बाजाराला गेले तेव्हा मोबाईलच्या दुकानातही विचारलं. दुकानदार पन्नाशीचा, डोक्यावरचे केस गेलेला माणूस. म्हणाला, "मावशी, दिव्याकडं कशाला बघताय? स्क्रीनवर सगळं लिहून येतंय." मी म्हटलं, "स्क्रीनवरचं दिसत आसतं तर दिव्याकडं कशाला बघितलं आसतं?" तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

स्क्रीनवरचं दिसत नव्हतं हे खरं होतं. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डावाही त्याच वाटेला लागला होता. तांदळातला खडा दिसेना. सुई ओवायचं तर मी सोडूनच दिलं होतं. सून काही न बोलता तांदूळ, डाळी निवडून डबे भरून ठेवायला लागली. काम चांगलं करायची, तरी मला ते चालत नव्हतं. आज निवडणं गेलं, उद्या भाकरी थापणं जाईल, परवा गाईची धार काढणं, आणि मग मी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला कोण रे तू, कोण गं तू विचारत राहीन. अशा म्हाताऱ्या आमच्या गावात आहेत. मला त्यांच्यात बसायचं नव्हतं.

माझी धाकटी बहीण राहू गावात दिलेली आहे. तिलाही मोतीबिंदू. दौंडच्या एका दवाखान्यात ऑपरेशनचं शिबिर होतं, तिथं तिनं दोघींची नावं घातली. दोघी जाऊन डोळे तपासून आलो. नर्सबाईंनी सांगितलं, "आजी, नंबर लागला की आदल्या दिवशी फोन करू. फोन उचलला नाही तर पुढच्या पेशंटला बोलावणार. मग तुमचं पुढच्या शिबिरात, दिवाळीनंतर." त्या माझ्या मुलाचा नंबर मागत होत्या. मी म्हटलं, डोळा माझा आहे, फोनही माझा आहे, माझाच लिहा. अडीनडीला म्हणून त्यांनी बहिणीचा लिहून घेतला.

आता मोटरीचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या विहिरीवर मोटरीची पेटी आहे. तिच्यावर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे आहेत, तीन फेजचे. नवऱ्यानं मला ज्या थोड्या गोष्टी शिकवल्या त्यातली ही एक: तिन्ही दिवे सारखे लागल्याशिवाय बटनाला हात लावायचा नाही. मी चौथी शिकलेली, पण हे शिकायला चौथीही लागत नाही. तरी एका वर्षी चुकले. रानात कांदा उभा होता, मी एकटीच पाणी द्यायला गेले होते. लाल आणि निळा ठणठणीत, पिवळा मात्र नुसता मिणमिणत होता. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय. बटन दाबलं. मोटर नुसती घुमली, पाणी आलं नाही, आणि जळका वास आला. मोटरीत नवी तार भरून आणेपर्यंत कांद्यानं माना टाकल्या. नवरा रागावला नाही. "सांगितलं व्हतं," एवढंच म्हणाला आणि जेवायला बसला. शिव्या दिल्या असत्या तर मी विसरून गेले असते. तेव्हापासून दोन दिव्यांवर मी कशालाही हात लावत नाही.

तर दवाखान्याच्या फोनची मी वाट बघत होते. फोन कमरेला पिशवीत घेऊन फिरायचे, फक्त गोठ्यात जाताना फळीवर ठेवायचे, कारण गाय शेपटी मारते. असा गुरुवार आला. आमच्याकडं गुरुवारी दिवसभर लाईट नसते. मुलगा पहिल्या पाळीला गेला होता. सून शेजारच्यांच्या कांदालागवडीला सावडीनं गेली होती. त्यांचं झालं की ते सगळे आमच्या वावरात येणार होते. घरात मी एकटीच.

शेण काढून, गाईला पाणी दाखवून घरात आले तर फळीवरचा दिवा उघडझाप करत होता. निळा की हिरवा, ते ठरवता येईना. हिरवा असेल तर फोन भरलेला. पण लाईट तर सकाळपासून नव्हती, मग भरेल कसा? म्हणजे निळाच असणार. म्हणजे कुणाचा तरी फोन येऊन गेला. दौंडचाच असेल काय? मला आलेला फोन उचलता येतो, गेलेला परत लावता येत नाही. मी फोन पुढ्यात घेऊन बसले. परत करतील, तेव्हा उचलू.

थोड्या वेळानं त्याच दाण्यात लाल लागला. लाल गेला आणि तो दुसरा आला. मग परत लाल. लाल आणि निळा, लाल आणि निळा. मी पिवळ्याची वाट बघायला लागले. खरंच बघत बसले होते. मोटर जळल्याचा वास ज्याला माहीत आहे त्यानं हवं तर मला हसावं.

आणि तेवढ्यात फोन वाजला.

माझं बोट त्या हिरव्या खुणेपर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. लाल दिवा असताना उचलायचा नाही, हे मुलानं सांगितलेलं. दोन दिव्यांवर बटन दाबायचं नाही, हे त्याच्या बापानं सांगितलेलं. दोघांचं एकच निघालं. आणि पलीकडं दवाखाना असेल तर माझा डोळा तिकडं अडकलेला. वाजून वाजून फोन थांबला. मी स्वतःला समजावलं, तिकडं माणूसच बसलंय, परत लावील, तोवर लाल जाईल. परत वाजला. लाल गेला नव्हता. बोट काही पुढं जाईना. तिसऱ्यांदा वाजायला लागला आणि वाजता वाजताच मधे बंद पडला. दिवाही विझला, सगळं काळं. मला वाटलं, बरं झालं हात लावला नाही, लावला असता तर जळला असता.

ऊन कलायच्या आत सून पळत आली. तिच्या हातात तिचा फोन होता आणि त्यातून माझी बहीण बोलत होती. कानाला लावायची गरज नव्हती.

"आक्का, मेलीस का काय?"

"न्हाई."

"मंग फोन का उचलंना? दवाखान्यातली बाई सकाळधरनं लावून लावून थकली. शेवटी मला लावला तिनं."

"लाल दिवा व्हता."

"कसला लाल दिवा?"

"फोनला. आन् निळा. दोनच व्हते, पिवळा आलाच न्हाई."

बहीण म्हणाली, "आक्का, तुझं आपरेशन डोळ्याचं हाय का डोक्याचं?"

सुनेनं तोंडाला पदर लावला. बहीण म्हणाली, "उद्या सकाळी आठाला दौंडला यायचंय. माझं हाय. तुझं नाव खोडलं म्हनली ती. तरी तू ये. हुभं तर ऱ्हाऊ."

फोन ठेवल्यावर सून हळूच म्हणाली, "आत्या, आवो त्यो एकच दिवा हाय. त्योच रंग बदलतो. मोटरीचं आन् त्याचं काय न्हाई."

"मंग तवा का न्हाई सांगितलं?"

"तवा तुमी निळ्याला हिरवा म्हनलात. मी गप बसले."

आणि ती हातपाय धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी आमच्या न्हावऱ्याहून एसटीनं दौंडला गेले. नर्सबाईंनी मला बघितलं आणि वही उघडून दाखवली. माझ्या नावावर आडवी रेघ होती. तेवढी मला दिसली. "आजी, चारदा फोन केला. तुमच्या जागेवर या बाबांना घेतलंय." माझ्या जागेवरचे बाबा बाकावरच बसले होते, डोळ्यात औषधाचा थेंब घालून, मान मागं टाकून. ते डोळे मिटूनच म्हणाले, "मला फोन आला, मी उचलला, बाई."

"चांगलं केलं. तुमच्या फोनला दिवा न्हाई वाटतं."

"दिवा? न्हाई बा. बटनाचा हाय."

त्यांचं काय चुकलं होतं? काहीच नाही. बहिणीला आत नेलं, त्यांनाही नेलं, आणि मी बाकावर एकटी राहिले. दिवाळी पुढं होती आणि दिवाळीनंतरही फोनच येणार होता. तोच फोन, तोच दिवा. मी उठून नर्सबाईंपुढं गेले. "पुढच्या शिबिराची तारीख आताच सांगा. मी आपली आपन येते."

"आजी, असं नसतं. आम्ही फोन करून कळवतो."

"फोन करू नका. कागदावर लिहून द्या."

"यादी लागल्याशिवाय कसं लिहू?"

"मंग यादीत पहिलं माझं लिहा. मी बसलेय."

आणि बसले. त्या दोनदा येऊन बघून गेल्या. बहीण डोळ्याला हिरवी पट्टी बांधून बाहेर आली तरी मी तिथंच. ती नर्सबाईंना म्हणाली, "द्या बाई लिहून. ही उठायची न्हाई. ल्हानपनी पन आशीच बसायची, आईनं दळान सांगितलं की."

डॉक्टर बाहेर आले. काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं, लपवायचं काय त्यात. लाल, निळा, मोटर, कांदा, मुलाची ताकीद. नर्सबाई हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पिवळा अजिबात लागला नाही?"

"न्हाई."

"मग बरोबर आहे," असं ते म्हणाले. त्यांच्या घरी मोटर असणार. काय बरोबर होतं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही आणि मला अजून कळलेलं नाही. उचलला नाही ते बरोबर, की माझं नाव खोडलं ते? पण त्यांनी नर्सबाईंना तारीख लिहून द्यायला सांगितली. कागद मी डाव्या डोळ्याजवळ धरून दोनदा वाचला आणि चोळीत ठेवला.

त्या तारखेला पहिल्या एसटीनं गेले आणि सात वाजताच बाकावर जाऊन बसले. फोन घरीच ठेवला होता. आठ वाजता नर्सबाई आल्या, माझ्याकडं पाठ करून त्यांनी वही उघडली आणि कुणाला तरी फोन लावला. बराच वेळ कानाशी धरून उभ्या राहिल्या, मग दुसऱ्या नर्सला म्हणाल्या, "ही न्हावऱ्याची आजी परत उचलत नाही बघ."

मी म्हटलं, "आवो, मी हितं हाय."

त्यांनी वळून बघितलं, पेन वहीत ठेवलं आणि म्हणाल्या, "उठा आजी, थेंब घालायचेत."