बायकोच्या संमोहनावर माझा पहारा

ज्वारीच्या भाकरीचा घास अडकून बायकोचा जीव जाता जाता राहिला, त्यानंतर तिनं चावून खायचं सोडलंच. पेज, ताक, वरणाचं पाणी. तीन महिन्यांत ब्लाउज खांद्यावरून ओघळायला लागले. नांदेडला दुर्बिणीतून घसा तपासला, काही निघालं नाही. "भीती बसलीय," असं सांगून तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला लातूरच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्या संमोहन करतात म्हणे.

मी मुखेडला मास्तर होतो तेव्हा शाळेत एक जादूगार आला होता. त्यानं आमच्या शिपायाला कच्चा कांदा सफरचंद म्हणून खायला लावला. शिपाई हसत हसत खात होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. माझ्या बायकोचं तसं केलं तर? तिच्याकडून काय वदवून घेतील, कशावर सही घेतील?

"मी खोलीत बसणार," मी डॉक्टरीणबाईंना बजावलं.

"ताईंची हरकत नसेल तर बसा," बाई म्हणाल्या. बायकोनं मान डोलावली. मी खिशातल्या मोबाईलवर गुपचूप रेकॉर्डिंग चालू केलं आणि बाईंच्या हातांवर नजर ठेवून बसलो.

हात मांडीवरून हललेच नाहीत. "डोळे मिटा. खांदे सैल सोडा. नको वाटलं तर केव्हाही डोळे उघडा." बराच वेळ असंच संथ बोलणं चाललं. बायकोचा चेहरा सैल पडत गेला.

"झोपलात का, ताई?"

"न्हाई. ऐकून राहिले."

मग बाईंनी विचारलं, घास अडकला तेव्हा काय झालं?

"आवाज फुटंना. मी ताट आपटलं, तीनदा. हे बाहेरच्या खोलीत होते. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढविला."

खरं होतं. सकाळीच आमचं वाजलं होतं. ती रागानं भांडी आपटतेय असं मला वाटलं. शेजारीण विरजण मागायला आली, तिनं पाठीत बुक्क्या मारल्या म्हणून घास पडला. टीव्हीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तरीही हे बाईंनीच तिच्या तोंडी घातलं, असं मी ठरवून टाकलं. घरी आल्यावर अंगणात बसून रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. बाईंच्या बोलण्यात टीव्हीचा शब्दही सापडला नाही.

"काय ऐकून राहिलात?" बायको मागं उभी होती. तिनं सगळं ओळखलं. "टीव्हीचं तर मला तवाच ठाऊक होतं. त्याला संमोहन कशाला लागतंय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इचारलं का?"

तिनं समोर उभं राहून रेकॉर्डिंग पुसायला लावलं. पुढच्या खेपांना मी बाहेर बाकावर बसलो. चौथ्या खेपेनंतर तिनं दुधात कुस्करलेली चतकोर भाकरी खाल्ली. अर्धा तास लागला. हळूहळू कोरडी भाकरीही जायला लागली. पंगतीत मात्र ती अजून बसत नाही.

शेवटच्या दिवशी मी बाईंना विचारलं, "तुम्ही नेमकं केलं काय?"

"मी लक्ष एका जागी धरायला मदत केली. बाकीचं ताईंनी केलं."

हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही, आजही पुरतं पटत नाही. परतताना अहमदपूरच्या स्टँडवर तिनं भजी मागितली. ती खात असताना मी तिच्या गळ्याकडे बघत राहिलो.

"असं टक लावून बघू नका," ती म्हणाली. "घास उतरंना."