बांधलेल्या तोंडाचा जबाब

ईरप्पाअण्णा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. तरी आमची मैत्री होती. सोलापुरात आमच्या खोल्या एकाच चाळीत, शेजारी शेजारी. तो यंत्रमागावर जायचा. मी मराठी घेऊन पदवीधर झालो होतो आणि घरी बसलो होतो. तो मला ‘बीए’ म्हणायचा.

म्हणायचा, पण आवाज न काढता. कारखान्यात चाळीस मागांचा खडखडाट. तिथं आवाज काढून उपयोग नसतो. माणसं जबडा ताणून नुसता शब्दाचा आकार दाखवतात. समोरचा ओठ वाचतो. वीस वर्षांत ईरप्पाची तीच बोली झाली. घरीही तो तसाच बोलायचा. त्याची बायको गौरम्मा मला कानडीत ‘तम्मा’, धाकटा भाऊ, म्हणायची. ती म्हणायची, “ह्यांच्यासंगं भांडायचं तरी कसं? शेजाऱ्याला वाटतंय, मी एकटीच वरडतीया.”

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये मागावरचा धोटा उडाला आणि त्याच्या तोंडावर बसला. आडवा धागा नेणारा हा धोटा लाकडी, पण टोकाला लोखंड. तो उडून माणसाला लागू नये म्हणून मागाला जाळी असते. त्या मागाची जाळी मालकानं काढायला लावली होती. जाळी असली की तुटलेलं सूत जोडायला वेळ लागतो, म्हणून.

मालकानं स्वतःच्या मोटारीतून ईरप्पाला दवाखान्यात पोचवलं. मला पहिली शंका तिथंच आली. त्या मोटारीला कामगारांनी कधी हातही लावला नव्हता.

डॉक्टर मुंबईहून नवे आलेले. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. त्यांनी हिरड्या बधिर केल्या. वरच्या आणि खालच्या दातांभोवती बारीक तारा गुंडाळल्या. मग पिळून त्या एकमेकींना बांधल्या. दात दातांवर बसले.

“आता हाड हलणार नाही. सरळ जुळेल,” ते म्हणाले. “सहा आठवडे. दाढांमागच्या फटीतून पेज, दूध. बोलणं कमी.”

मग माझ्या हातात एक छोटी कातर दिली. “उलटी झाली, श्वास अडला, तरच तारा कापा. एरवी नाही. आधी सोडल्या तर जबडा वाकडा जुळेल. जन्मभर भाकरी चावता येणार नाही.”

चौथ्या दिवशी कळलं. मॅनेजर सांगत होता, जाळी ईरप्पानंच काढली. सरकारी निरीक्षक एप्रिलमध्ये येणार होते, कामगारांचे तोंडी जबाब घ्यायला. ईरप्पावर ठपका आला की काम गेलं. बाकीचे कामगार खाली बघत होते.

ईरप्पानं पोरीची पाटी ओढली. सावकाश लिहिलं, ‘चवकशी चार आटवड्यात. तोंड सहा आटवडे.’ माझ्याकडे बघितलं. खाली आणखी लिहिलं, ‘कुनी बांदलं?’

मला झोप येईना. मी डॉक्टरांकडे गेलो.

“चार आठवड्यांत सोडता येईल का?”

त्यांनी मला नीट न्याहाळलं. “तुम्हाला कोणी पाठवलं?”

“कोणी नाही.”

“काल मालकांचा माणूस येऊन गेला. त्यालाही हेच विचारायचं होतं, तारा कधी सुटणार. माझ्या रोग्याच्या तोंडावर तुम्हा सगळ्यांचा डोळा का आहे?”

मी उठलो. तोंड चौकशीसाठीच बांधलंय, याची आता मला खात्रीच वाटू लागली.

निरीक्षक यायच्या दिवशी सकाळी ईरप्पानं माझ्यापुढे हात पसरला. कातर माझ्या खिशात होती. मी दिली. का दिली, ते मला आजही सांगता येत नाही.

गौरम्मानं झडप घालून ती हिसकावली.

“अय्यो! वाकडं तोंड घिऊन जल्मभर पेज पिनार? मालकानं निम्मं मोडलंय, ऱ्हायलेलं तुमी मोडा! आन तू रं, तम्मा? येवढा शिकलास, ह्यासाटी?”

“गप बस की गं!”

खोली दणाणली. मी दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं.

ईरप्पाचे दात मिटलेले होते. तारा जागच्या जागी होत्या. त्यानं स्वतःच्या गळ्याला हात लावला.

“बोल्लं की हे,” गौरम्मा म्हणाली. “तारंतनं बोल्लं.”

“बीए,” तो घाबरून म्हणाला, “ह्यो मी हाय?”

“व्हय अण्णा.”

जबडा हलत नाही म्हणजे बोलता येत नाही, असं तो धरून चालला होता. आणि मीही. डॉक्टरांना वाटलं असेल, हे काय सांगायचं?

कारखान्यात माग बंद ठेवले होते. मॅनेजर निरीक्षकांना म्हणाला, “साहेब, त्याचं तोंड बांधलंय. त्याचा जबाब राहू द्या.”

“जाळी मालकानं काढाय लावली,” ईरप्पा म्हणाला. शब्द दातांतून शिट्टीसारखे येत होते. हनुवटीवर लाळ आली. त्यानं टॉवेलनं पुसली. “दिवाळीच्या आदी. माझ्याच हातात पाना दिला. मी न्हाय म्हनलो. मग मॅनेजरनं काढली.”

कामगार सवयीनं त्याच्या ओठांकडे बघत होते. ओठांवर काही दिसेना. पहिल्यांदाच ते त्याचं बोलणं कानांनी ऐकत होते.

शेजारच्या मागावरचा ज्ञानबा खाकरला. “खरं हाय सायेब. माज्याबी मागाची मॅनेजरनंच काढली.”

निरीक्षकांनी दोघांची नावं लिहिली.

मॅनेजर पुढे आला. वाकून ईरप्पाच्या तोंडात बघू लागला. “ह्या तारा खऱ्या आहेत ना रे? का डॉक्टरनं नाटक केलंय?”

ईरप्पानं ओठ फाकले. मान पुढे केली.

“वढून बगा की.”