विरापिनची शेवटची प्रवासी

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या विरापिन स्टेशनात गाडी आपणहून थांबत नसे. कोणाला चढायचं असेल तर खांबाला लाल निशाण लावायचं, ते दिसलं की ड्रायव्हर गाडी थांबवी. एकतीस वर्षं हे निशाण एल्व्हा नोस्केने लावलं. नवरा ओटो रुळांच्या कामावर, म्हणून स्टेशनची राखण तिच्याकडे. इतक्या वर्षांत स्वतः मात्र ती एकदाही गाडीत बसली नाही. बदली माणूस मिळाला की सुटी देऊ, असं रेल्वे दरवर्षी कळवी.

१९७८ साली प्रवासी नाहीत म्हणून गाडी बंद करायचं ठरलं. गाव खवळलं. शेजारच्या गावी निषेधाच्या सभेला झाडून सगळे गेले, आपापल्या मोटारींतून.

शेवटच्या गाडीचं अ‍ॅडलेडपर्यंतचं तिकीट एकट्या एल्व्हाने काढलं. अ‍ॅडलेडमध्ये तिचं काही काम नव्हतं. फलाटाच्या कडेची जिरेनियमची फुलं तिने आंघोळीच्या उरलेल्या पाण्यावर जगवली होती. ती गाडीतून कशी दिसतात, एवढंच तिला एकदा बघायचं होतं.

निरोप समारंभ थाटात झाला. बँड होता, केक होता, कौन्सिलचा अध्यक्ष लिंडसे रोरलाख याचं भाषण होतं. एल्व्हाला पुष्पगुच्छ देऊन मानाच्या खुर्चीत बसवलं. मांडीवर तिची बॅग. तेवढ्यात लिंडसेच्या लक्षात आलं की फोटोत निशाण मध्ये येतंय. त्याने ते उतरवलं आणि नीट घडी करून केकच्या टेबलाखाली ठेवलं.

गाडी आली. त्या दिवशी वाटेतल्या प्रत्येक गावात लोक हात हलवत होते, तसे आम्हीही हलवले. ड्रायव्हरने उलट हात केला, लांब शिटी दिली आणि नियमाला धरून तो न थांबता निघून गेला. आधी टाळ्या थांबल्या, मग बँड.

"चल एल्व्हा, मोटारीने सोडतो तुला," लिंडसे म्हणाला.

"मोटार सगळ्यांकडेच आहे रे," ती म्हणाली. "म्हणून तर आज केक कापलात."

पंचवीस वर्षांनी गावाला ओसाड स्टेशनचा उमाळा आला. कमिटी बसली, इतिहासाचा फलक झाला. तो रोवायला जागा हवी म्हणून जिरेनियम उपटली. फलकावर लिहिलं होतं: 'शेवटच्या गाडीला भव्य निरोप. शेवटची प्रवासी, श्रीमती एल्व्हा नोस्के.'

शहात्तर वर्षांच्या एल्व्हाने तो दोनदा वाचला.

"छान झालाय, लिंडसे. आता गाडीतून फुलं कशी दिसली, तेही खाली लिही."

कमिटीने सूचनेची नोंद घेतली.