सदुसष्ट मार्कांचं हेल्मेट

खोक्यावर ‘आयपी ६७’ असं छापलेलं होतं आणि मी ते शंभरपैकी वाचलं. जन्मभर पेपर तपासलेल्या बाईकडून दुसरी काय अपेक्षा करणार? सदुसष्ट म्हणजे फर्स्ट क्लास. डिस्टिंक्शन नाही, पण आपल्या घरात तरी ते कुणाला मिळालंय, असं मी नवऱ्याला म्हटलं. त्यांनी विचारलं, “काय?” मी म्हटलं, “काही नाही.”

हे ‘काही नाही’ आमच्याकडे बरीच वर्षं मुक्कामाला होतं. नवऱ्याचा हुबळीच्या केशवापुरात छोटा छापखाना आहे. मशीनशेजारी उभं राहून राहून त्यांचे कान गेले, आणि तेही अर्धवट. मी शाळेत विज्ञान शिकवते. एकदा सांगितलेलं बाई पुन्हा सांगत नाहीत, अशी माझी ख्याती आहे, आणि ती खोड मी घरीही आणली. शिवाय माझ्या मनात एक संशय होता. धाकट्या दिरांचं बोलणं यांना दुसऱ्या खोलीतून कळायचं, टीव्हीवरच्या कन्नड बातम्या कळायच्या, आणि मी समोर उभी राहून कढीत मीठ बरोबर आहे का म्हणून विचारलं, की “काय?” विद्यानगरातल्या कानाच्या डॉक्टरांनी समजावलं होतं की बारीक आवाज गेलेत, जाड शिल्लक आहेत. मी मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, सोयीचं बहिरेपण आहे. कानाला लावायचं मशीन घेतलं, पण ते हेल्मेटमध्ये शिट्टी मारतं, म्हणून गाडीवर ते खिशात.

दर रविवारी आम्ही मोटरसायकलवरून हुबळीहून धारवाडला माझ्या आईकडे जातो. लग्नानंतरची पहिली वर्षं या रस्त्यावर आम्ही अखंड बोलायचो. मुलीचं नाव आम्ही उणकलच्या तळ्यापाशी ठरवलं आणि पुढच्या सिग्नलला त्यावरून भांडलोसुद्धा. मग हळूहळू मी मागे बसून फक्त दुकानांच्या पाट्या वाचायला लागले.

पुण्याला असलेल्या मुलीच्या ते लक्षात आलं असावं. तिनं त्या सदुसष्टच्या खोक्यातून हेल्मेटला लावायच्या दोन डब्या पाठवल्या, काड्यापेटीपेक्षा थोड्या मोठ्या. एक त्यांच्या हेल्मेटला, एक माझ्या. आत कानापाशी चकतीएवढा स्पीकर, तोंडापाशी माइक. त्यांनी आवाज पूर्ण मोठा करून ठेवला. पहिल्या रविवारी निम्मा रस्ता मी गप्पच होते, कारण सवयच राहिली नव्हती. मग एका ठिकाणी रस्ता खणलेला होता, धुळीचा लोट आला आणि मी स्वतःशीच पुटपुटले, “मेली ही धूळ, जरा सावकाश चालवतील तर शपथ.”

“सावकाशच चालवतोय,” कानात आवाज आला.

मला क्षणभर कोण बोललं तेच कळेना. मग कळलं आणि मी रडले. हेल्मेटमध्ये रडण्याची एक सोय असते, मागून येणाऱ्याला दिसत नाही. धारवाड येईपर्यंत मी इतकं बोलले की ते म्हणाले, “तू अजून एवढी बोलतेस होय? मला वाटलं, वयानं कमी झालं.”

अख्खा पावसाळा ती डबी टिकली. धारवाडचा पाऊस काही पाहुण्यासारखा येऊन जात नाही, चांगला ठाण मांडून बसतो. आम्ही भिजून चिंब व्हायचो, पण डबी बोलत राहायची. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं, फर्स्ट क्लास म्हणजे फर्स्ट क्लास.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा, आणि त्याआधी गावातली झाडून सगळी वाहनं धुलाई केंद्रावर रांगेत. नवरा गाडी आणि त्यांचं हेल्मेट माझ्या हवाली करून छापखान्यातल्या मशीनच्या पूजेला गेले. गाडी धुतली आणि हेल्मेट तसंच मळकं? मला ते पटेना. मी हेल्मेट धुणाऱ्यासमोर धरलं.

त्यानं पंप थांबवला. “अक्का, ही डबी काढू काय?”

“राहू दे,” मी म्हटलं. “महिनोन् महिने पाऊस खाल्लाय तिनं. सदुसष्ट आहे.”

त्यानं अगदी जवळून धार मारली. साबणाचा फेस उडाला, चिखल वाहून गेला, हेल्मेट नव्यासारखं चमकलं. आणि डबीचा निळा दिवा पुन्हा लागला नाही.

मी घरी सांगितलं, चार्जिंग संपलंय. साफ खोटं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला आम्ही धारवाडला निघालो, पुन्हा मुक्यानं. वाटेत मी त्यांच्या पाठीशी तोंड नेऊन सगळं कबूल केलं. ऐकू येणार नाही याची खात्री होती, म्हणूनच. मला स्वतःचा फार राग आला होता. जे परत मिळालं होतं, ते मी हातानं धुऊन टाकलं होतं.

दसरा उलटल्यावर मी ती डबी हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडवर दुरुस्ती करणाऱ्या बाईंकडे नेली. माझ्याहून बऱ्याच लहान, डोळ्याला भिंग लावून बसलेल्या. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, पाण्यात पडली का? मी म्हटलं, नाही, पंपानं धुतली. पण सदुसष्ट लिहिलंय की त्यावर.

त्यांनी भिंग वर केलं आणि मला समजावलं. हे सदुसष्ट नाहीच. सहा वेगळा, सात वेगळा. सहा धुळीचा, आणि धुळीत सहाच्या वर आकडा नाही. सात पाण्याचा. मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडून राहिली तरी आत थेंब जाणार नाही इतका. पंपाची धार सोसते की नाही, त्याचे पाण्यातलेच आकडे वेगळे, पाच आणि सहा. दोन्ही सोसणाऱ्या वस्तूवर दोन्ही आकडे छापतात.

मी हार मानणारी नव्हे. “सातवीत गेलेला मुलगा सहावी पास असतोच की.”

“टीचर, अदु क्लास अल्लरी,” त्या म्हणाल्या, “सब्जेक्ट.”

इयत्ता नव्हे, विषय. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी टोपणही धुळीनं नीट बसलं नव्हतं, आणि ते बसलं नाही तर कुठलाच आकडा खरा नाही, असं त्या म्हणाल्या. मग बारीक ब्रशनं आतला हिरवा गंज काढू लागल्या. मी स्टुलावर बसून राहिले. बुडून राहणं एका विषयात, धार सोसणं दुसऱ्यात. जाड आवाज एका विषयात, बायकोचा बारीक आवाज दुसऱ्यात. डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं आणि मी विज्ञानाची बाई असून दोन विषयांची बेरीज करत बसले होते. एकात पास होतात म्हणजे दुसऱ्यात मुद्दाम नापास होतात, असा निकालही लावून मोकळी झाले होते. मला तिथं बसल्याबसल्या लाज वाटली.

डबी बोलायला लागली. स्पीकर तेवढा नवा घालावा लागला.

रविवारी तळं मागे पडल्यावर मी म्हटलं, “तेव्हा चार्जिंग संपलं नव्हतं. हेल्मेट मीच पंपाखाली धरलं होतं.”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “हेल्मेट आतून ओलं होतं. धारवाडला पोचेपर्यंत पाणी मानेवरून बनियनमध्ये उतरत होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू मागून काहीतरी सांगत होतीस. पाठीला कळत होतं. म्हटलं, तेच सांगत असशील.”

मला हसू आलं आणि धीरही आला. मी म्हटलं, तुम्ही ऐकू येत नसल्याचं सोंग करता, असं मला इतकी वर्षं वाटत होतं, माझं चुकलं. नेमका तेव्हा शेजारून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

“काय?” त्यांनी विचारलं.

मी ट्रक पुरता पुढे जाऊ दिला. मग आवाज जरा जाड केला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं.