गयाचा दगडातला भाऊ

महिना झाला त्याला. त्या दिवशी सकाळी मी आणि माझी बायको गया ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत बसलो होतो. मी देठं तशीच टाकायलो म्हणून ती माझ्या हातावर मारायची. मधेच म्हणाली, "अवो, भाऊ आडवा पडलाय पावसानं. दिवाळीआधी उभा करा की."

म्हणालो, "दगड हाय तो. त्याची काय पाठ दुखायलीय?"

दुपारी ती भिंतीला टेकली, ती टेकलीच...

भाऊ म्हणजे आमच्या शिवेवरचा वीरगळ. गाई राखताना मेलेला कुणी जुना गडी, हातात तलवार, पायाशी गाई कोरलेल्या. गयाच्या माहेरी कुणीच उरलं नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या पहिल्या साली दंगलीनं एसट्या बंद पडल्या, पंचमीला बाया माहेरासाठी रडायल्या. ही म्हणाली, माझं काय, मला एसटी असून नसून सारखीच. त्या भाऊबीजेला तिनं दगडाला ओवाळलं. बाया हसल्या. मीबी हसलो, "ओवाळणीत काय दिलं भावानं, ढेकूळ?" असं बोलून बसलो. ती त्या दिवशी जेवली नाही.

पुढच्या सालापासून भाऊबीजेला तिच्या आधी जाऊन मी दगडापुढं चोळीचा खण ठेवायचो. ती आणून मलाच दाखवायची, भावानं दिला म्हणून. मी म्हणायचो, रंग बरा निवडतो मेव्हणा. इतकी वर्षं हेच चाललं. खरं दोघंबी बोललो नाही.

ती गेली तेव्हा बायांनी विचारलं, माहेरचं लुगडं कुठाय? सवाष्णीला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. दिवाळीसाठी सेलूहून आणून लपवलेलं हिरवं लुगडं मी पेटीतून काढलं, शिवेवर नेलं, आडव्या पडलेल्या गड्याच्या हाताला लावलं आणि आणून बायांना दिलं.

"भावानं पाठवलंय."

कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेऊन शिवेवर गेलो. शेजारचा दगडू मागं आला. म्हणाला, "आबा, सुतकात देवाला हात लावत न्हाईत."

"देव न्हाई, मेव्हणा हाय माझा. त्यालाबी सुतक हाय. धर तिकडून."

दोघांनी दगड उभा केला, बुडाला माती ठोकली. धोतराच्या सोग्यानं मी चिखल पुसला. कपाळावर तिनं सालोसाल लावलेलं कुंकू मुरलं होतं, तेवढं सोडून.