तळाशी एक चौकोन

एखाद्या आकाराला चुकीच्या नावानं हाक मारली तर तो रुसून बसतो, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या झाशीत एकच होता, आणि तो साडू म्हणून माझ्या वाट्याला आला होता. त्यांची नोकरी कारखान्यात नकाशे काढण्याची. त्यामुळे सगळे आकार आपल्या ताब्यात आहेत, असं त्यांना वाटे. त्यातही जीव एकावर, तिरप्या बाजूंच्या चौकोनावर. त्याला कुणी समभुज चौकोन म्हटलं की ते म्हणत, "ते पुस्तकात. घरात त्याला शंकरपाळं म्हणतात." मूळ शब्द फारसी, शकरपारा, म्हणजे साखरेचा तुकडा, आपल्या लोकांनी त्या शकरचा शंकर केला, हे पाहुण्याला पाण्याच्या पेल्याबरोबरच कळे. पतंग शंकरपाळी, स्वेटरवरची नक्षी शंकरपाळी. ओरछा गेटजवळ पत्ते रंगत, तिथे चौकटच्या पानाला सगळे ईंट, म्हणजे वीट, म्हणत. साडू पान वर धरून विचारत, "भैया, ऐसी तिरछी ईंट कौन से भट्ठे की है?" हलवायाकडचे लांबट शक्करपारे ते आवडीनं खात, पण त्यांना शंकरपाळी म्हणू देत नसत. नातवंडं घरात हिंदीच बोलत; हा एक शब्द मात्र त्यांना स्वच्छ येई, कारण त्याशिवाय डबा उघडत नसे.

शंकरपाळी कापायचा मान ताईचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, माझ्या मोठ्या मेहुणीचा. ती कातणं फिरवी आणि हे शेजारी बसून कोन तपासत. "तुमचा कारखाना उचला इथून," ती म्हणे. मग तिला पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आकारांची चित्रं दाखवत; ताई भिंतीकडे बघत राही.

त्या दिवाळीत मी गेलो तेव्हा साडूंनी तिच्या पलंगाला पाट टेकवून पोळी लाटली होती आणि ते चक्क सरळ चौकोन कापत होते. मी म्हटलं, तुम्हालाच हे चुकावं? दुसरी पोळी, पुन्हा चौकोन. आजारी बाईसमोरसुद्धा यांचे खेळ संपत नाहीत, असं मी नातेवाइकांत सांगत सुटलो, आणि ते त्यांना शेवटपर्यंत चिकटलं. भाऊबीजेला मी तिथेच होतो, पण तेव्हा जे पाहिलं ते मात्र लाजेनं कुणाला सांगितलं नाही. ते आता लिहितो. साडू चौकोन कापत असताना ताईनं डाव्या हातानं कातणं ओढून घेतलं, थरथरत एक रेघ मारली आणि जड जिभेनं म्हणाली, "तिरपं. तिरपं हवं."

"चुकलंच माझं," साडू म्हणाले. जन्मात पहिल्यांदा. मग हात धुवायला म्हणून अंगणात गेले, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

यंदा साडू नाहीत. ताईनं डबा पाठवला आहे. सगळी शंकरपाळी डाव्या हातानं कापलेली, थोडी वेडीवाकडी, पण तिरपी. तळाशी एकच सरळ चौकोन निघाला. तो मी अजून खाल्लेला नाही.